डेअरीवाले डॉक्टर

"मी आपला गुरांचं बघतो हो," असं म्हणून डॉक्टर लगेच बूट काढायला खाली वाकायचे. विषय बदलेपर्यंत वाकलेलेच! टेक्ससमधल्या फ्रिस्कोत आमच्या शेजारी राहायला आलेल्या या नागपूरच्या माणसाचं मला पहिलं दर्शन झालं ते टकलाचं.

आठवडाभर ते टेक्ससच्या पार उत्तरेला एका फीडलॉटवर असत, शनिवारी घरी येत. वासरं आणायची, मका चारून धष्टपुष्ट करायची आणि कत्तलखान्यात पाठवायची, ती जागा म्हणजे फीडलॉट. हे इथल्या आमच्या मराठी मंडळात फक्त मला ठाऊक होतं. एकदा त्यांची गाडी बंद पडली म्हणून मी त्यांना आणायला गेलो होतो ना! डॉक्टर कुंपणाशी उभे होते. "तो कोपऱ्यातला बघा, कान पाडलेत बिचाऱ्यानं," म्हणाले, आणि आत शिरून त्याला इंजेक्शन देऊनच निघाले. गाडीत मात्र आवाज खाली गेला. "कुठं बोलू नका हं. आमच्या आईलासुद्धा डेअरीच सांगितलंय."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आपली मंडळी कसली गप्प बसतात! गणपतीत त्यांना 'गोसेवेबद्दल' शाल-श्रीफळ दिलं. फोटो काय, टाळ्या काय! डॉक्टरांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. टाळ्या मीही वाजवल्या.

मग मेक्सिकोत एक माशी पसरली. जनावराच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. अमेरिकेनं तिकडच्या जनावरांना सरहद्द बंद केली. डॉक्टरांच्या फीडलॉटवर बहुतेक वासरं तिकडूनच यायची. "बंद केलं ते बरोबरच आहे हो," ते म्हणायचे. "पण चारायला जनावरंच नाहीत, तर मालक मला कशाला ठेवील?"

नाहीच ठेवलं. व्हिसा नोकरीवरचा. दुसरी नोकरी लवकर मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा, आणि मुलीचं तर हायस्कूलचं शेवटचं वर्ष.

आमच्याकडे जेवायला सगळे जमले होते तेव्हा मंडळाचे अध्यक्ष काका म्हणाले, "डॉक्टर, एका मोठ्या डेअरीत माझी ओळख आहे. उद्याच फोन करतो. तुमच्या डेअरीत गाई किती होत्या?"

डॉक्टरांनी हातातली वाटी खाली ठेवली. "डेअरी नव्हती, काका. कापायला जाणारी जनावरं होती."

काकूंचा घास हातातच राहिला. माझी धाकटी पटकन म्हणाली, "बट बाबा, वी ईट बर्गर्स! काल पण खाल्ले!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तिच्यावर डोळे वटारले. हो म्हणायला काय झालं होतं मला? पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

डॉक्टरच हसले. "अगं बेटा, ते व्हेजी बर्गर असतात. बाबा सांगायला विसरले तुला."

सगळे सुटल्यासारखे हसले. मीसुद्धा. अजून आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काकांनी फोन केला नाही. मीही त्यांना विचारलं नाही. दुसरी नोकरी मिळालीच नाही, तेव्हा नागपूरला परत निघालेल्या डॉक्टरांना एअरपोर्टवर सोडायला मात्र गेलो. सामान उतरवताना कसंबसं म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"जाऊ द्या हो," डॉक्टर बॅग ओढत म्हणाले, "तुम्हाला इथंच राहायचंय ना."