मायचं सामान हळूहळू जाऊ दे

माय गेली तेव्हा तिच्या हातात दुसऱ्याच कोणाचा तरी ब्लाउज होता.

हुक लावायचे राहिले होते. भर दुपारी मशीनसमोर, बसल्या जागी गेली. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ दिला नाही.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची माय दवनीवाड्यात बायांचे ब्लाउज शिवायची. मी नागपूरला, दादा रायपूरला. घरी माय आणि बाबा.
आणि सामान.

मायला काही म्हणजे काहीच फेकता येत नव्हतं. बिनझाकणाचे डबे, बिनडब्याची झाकणं, कापडाच्या चिंध्या, मोडकी छत्री. "कामी येते," एवढंच म्हणायची.

तेरवी झाली आणि दादा म्हणाला, "बाबा, तुम्ही चला रायपूरला. इथं एकटे काय करता? कबाडीवाल्याला बोलावतो, एका दिवसात घर खाली होते."

बाबा घरापुढच्या छपरीत बसले होते.

"तुझी माय एकदमच गेली," ते म्हणाले. "तिचं सामान तरी हळूहळू जाऊ दे."

दादानं मग कबाडीवाल्याचं नाव काढलं नाही.

त्या वेळी फक्त साड्या गेल्या, ब्लाउजांसकट. काही मावशीनं नेल्या, काही मामीनं. बाबांनी तिकडं बघितलंच नाही.

पावसाळ्यात भाताची रोवणी आटोपल्यावर मी परत गावी गेले. स्वयंपाकघर काढलं. बाबा अख्खी सकाळ डब्यांना झाकणं लावून बघत बसले. एखादं बसलं की मला हाक. "हे पाय, याचंच हाये!"
ज्याची जोडी जमली तो डबा द्यायला तयार. ज्याची नाही जमली तो ठेवायचा म्हणे. "पुढच्या बारीले पाहू."

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, त्या वेळी चिंध्यांची पोती गेली. गोधड्या शिवणाऱ्या एका आजीनं नेली.

त्याच दुपारी मी मागच्या अंगणात भांडी घासत होते आणि आतून मशीनचा आवाज आला.

मी ओल्या हातानंच आत धावले.

बाबा होते. धागा नाही, कापड नाही. नुसतीच मशीन चालवत होते.

"काऊन बाबा?"

"बंद ठेवली तं जाम होते."

मी परत भांड्यांपाशी जाऊन बसले. आवाज बराच वेळ येत राहिला. डोळे मिटले की आत माय होती.

संक्रांतीला भिंतीवरच्या कटिंग काढल्या.
गावातल्या बायांच्या ब्लाउजची मापं माय पेपरवर कापून ठेवायची. वर पेनानं नाव. भिंतभर खिळे आणि खिळ्यांवर गावभरच्या बाया.

मी म्हटलं, रद्दीत देऊन टाकू. बाबांनी गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा काखेत मारून ते निघाले. परक्या बाईशी आयुष्यभर मान वर करून न बोललेला माणूस. दारोदार. मी मागून.

"घ्या बाई. तुमचं माप."

बाया आधी लाजल्या, मग हसल्या. एकीनं कागद अंगाला लावून पाहिला. "अवो मायबाई, मी एवढी बारीक होती का!"

एका घरी सून बाहेर आली. तिची सासू वारलेली. तिनं कागदावरचं सासूचं नाव वाचलं आणि दारातच खाली बसली. बाबाही पायरीवर बसले.

मायची कटिंग मी सगळीकडं शोधली. नव्हती.
स्वतःचा ब्लाउज ती अंदाजानंच कापायची.

गावभराचं माप ठेवलं माय, तुझं कोणाकडंच नाही. मिठी मारली की तुझा खांदा माझ्या गालाला कुठं लागायचा, तेवढंच मला माहीत आहे.

दादाचा फोन यायचा. "बाबा, किती राहिलं?"
"राहिलं हाये थोडं."

मागच्या महिन्यात गेले तर मायचं म्हणून घरात फक्त मशीन उरली होती. शेजारची दुर्गा मायच्याच हाताखाली शिकली, पण तिच्याकडं स्वतःची मशीन नाही. तिला देऊ या म्हटलं.

"नाही," बाबा म्हणाले.

"काऊन नाही? तुमीच तं म्हनत होते, हळूहळू जाऊ दे."

"मशीन गेली का घर खाली. मंग माझी बारी."

मला समजायला थोडा वेळ लागला.

वर्षभर बाबा एकेक डबा जपून सोडत होते, कारण शेवटच्या वस्तूनंतर रायपूर होतं.

मी बाहेर येऊन दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. "श्राद्धाला येतो, तेव्हा बोलतो," म्हणाला.

काल तो आला. जेवताना, ताटावरची नजर न उचलता म्हणाला, "बाबा, तुम्ही इथंच राहा. आम्हीच येत जाऊ."

बाबांनी भात कालवला. एक घास खाल्ला.
"पक्कं?"
"पक्कं."

आज श्राद्धाचं जेवण उरकलं आणि बाबा मला म्हणाले, "जाय, दुर्गाले बोलाव. मशीन घेऊन जाय म्हनाव."

दुर्गा आणि तिचा नवरा हातगाडी घेऊन आले. बाबांनी मशीन पुसली, तेल घातलं, पट्टा नीट बसवून दिला. दुर्गा रडायलाच लागली.

"काकाजी, करमन का तुमाले?"

"नाई करमनार," बाबा म्हणाले. "तू ने."

आता दुपार आहे. दादा झोपला आहे. बाबा छपरीत बसून आहेत. मी मशीनच्या जागेवर, फरशीवर बसून हे लिहून राहिली आहे. घर इतकं मोकळं मी कधीच पाहिलं नव्हतं. हाक मारली तर घुमते.

एकदा मारून पाहिली, माय. हळूच.

उद्या आम्ही दोघं निघतो. बाबा इथंच आहेत.

येतो आम्ही. तुला नमस्कार.