आक्कासाहेबांचं बाळंतघर

आमच्या बाळंतघरात बाळांइतकेच किस्से जन्मायचे. बाळं दहा दिवसांत घरी जायची, किस्से मात्र आम्हा नर्सबायांच्या पदरात पडून राहायचे! बहुतेक आक्कासाहेबांचे. अक्कलकोटकडच्या एका जहागीरदारांची ही बायको. दागिने मोडून सोलापुरात गिरणीतल्या बायकांसाठी बाळंतघर काढलं, वर स्वराज्याच्या सभाही घ्यायच्या.

पहिल्याच आठवड्यात झाडूवाली आली नाही. आक्कासाहेबांनी पदर खोचून फरशी पुसायला घेतली. एका बाळंतिणीची सासू खेकसली, "ए बाई, खाटंखाली पन पूस की! फुकटचा पगार खातीस व्हय?"

मागाहून कुणीतरी तिला बाई कोण ते सांगितलं. म्हातारी पाया पडायला आली. आक्कासाहेब म्हणाल्या, "राग कसला, आजी? मला सासू नव्हती. हौस फिटली!"

*

त्यांची मोटार म्हणजेच आमची ॲम्ब्युलन्स. एकदा नवी पेठेतल्या गर्दीत अडकलो आणि गिरणीतली एक बाई मागच्या सीटवरच बाळंत झाली. मुलगा!

त्यांचे यजमान रावसाहेब तणतणले, "माझ्या गादीवर?"

लग्नाला पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आक्कासाहेब शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गादीला मुलगाच हवा होता ना?"

दुपारी रावसाहेबांकडून पेढे आले!

*

बाळंतपणाच्या भरपगारी रजेसाठी सभा होती. आक्कासाहेब अर्धा तास पुस्तकी मराठीत बोलल्या. पुढची एक कामगारीण उठली. "बाई, भांडायचंय का न्हाय, तेवढं सांगा. भाकरी थापायच्यात!"

"भांडायचंय!"

सभा संपली.

*

कलेक्टरच्या टी-पार्टीला मी त्यांच्यासोबत होते. साहेब म्हणाला, "बाईसाहेब, हल्ली तुमची ऊठबस वाईट लोकांत असते म्हणे."

"काय करणार? आमंत्रण तुमचंच होतं!"

*

मग शहरात लष्कराचा अंमल आला. पांढरी टोपी दिसली की अटक! एका सकाळी गोरा अधिकारी शिपाई घेऊन आत शिरला आणि थबकला. अकरा पाळणे, अकरा बाळं, प्रत्येकाच्या डोक्यावर खादीची गांधीटोपी, हनुवटीखाली बंद बांधलेली!

"उतरवा!"

"तुम्हीच उतरवा," आक्कासाहेब म्हणाल्या. "फक्त मान सांभाळा, अजून धरत नाहीत."

त्यानं हात पुढे केला, मागे घेतला. "कुणी शिवल्या?"

शिवल्या होत्या मी. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तरी मी पुढे झाले. तोंड उघडणार, तोच आक्कासाहेब म्हणाल्या, "मी!"

जिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, ती बाई!

घेऊन गेले त्यांना.

सहा महिन्यांनी सुटून आल्या त्या पार वाळून. मला रडू आवरेना. त्यांनी पिशवीतून एक टोपडं काढून माझ्या हातात ठेवलं. "तुरुंगात शिकले. बघ कसं जमलंय."

दोन्ही बंद एकाच बाजूला होते!