काजलकडची बायोलॉजी

काजल गेली हे मला सचिनने फोनवर सांगितलं. मी अंबरनाथच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये काम करते. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तेव्हा त्याचे कितीतरी मिस्ड कॉल दिसले. फोन लावला. पलीकडून नुसताच वारा ऐकू येत होता... तो चामटोलीला, त्याच्या नर्सरीत रोपांमध्ये उभा असणार. मग म्हणाला, "मंजू, काजल गेली गं. सकाळी. हार्ट." आम्हा दोघांनाही त्या शब्दाचा अर्थ समजावायची गरज नव्हती. थॅलेसिमिया असलेल्या माणसाला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, त्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं आणि पुढे हृदयाला त्रास देतं, हे आम्ही बारावीत तिच्याकडूनच शिकलो होतो. तरीही मी कँटीनच्या पायरीवर बसून राहिले आणि डबा तसाच भरलेला घरी नेला.

आमची ओळख झाली ती अकरावीच्या प्रॅक्टिकलला. एका झुरळामागे तिघं, अशी वाटणी होती. मी बदलापूरच्या कात्रपची, सचिन चामटोलीचा, शेतकऱ्याघरचा, आणि तिसरी ही उल्हासनगरची सिंधी मुलगी. इतकी लहानखुरी की लोक तिला आठवीतली समजायचे. सचिनने पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "तुझ्या घरी जेवाया नाय देत का?" ती झुरळावरची नजर न काढता म्हणाली, "जेवण घरचाच आहे. फक्त रक्त बाहेरचा लागतो." मराठी ती अशीच बोलायची, सगळ्या गोष्टींना पुल्लिंगी करून. आम्ही विनोद समजून हसलो, तीही हसली. खरं काय ते आम्हाला पुढच्या महिन्यात कळलं, ती दोन दिवस गैरहजर राहून परत आली आणि तिच्या हाताच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी दिसली तेव्हा.

बारावीला बायोलॉजीचा अभ्यास तिच्याकडेच करायचा असं ठरलं, कारण प्रवासाने ती दमायची, मग जायचं आपणच. विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून, बस डेपोच्या बाजूने चालत गेलं की कॅम्पातल्या, म्हणजे उल्हासनगरच्या जुन्या निर्वासित वस्तीतल्या, बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. गेल्या गेल्या तिची आई, म्हणजे आमच्या आंटी, आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे करायच्या. सिंधी घरात पाहुण्याला असंच असतं, पण आम्ही आठवड्यातून चारदा जायला लागल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. काजल पोटाला बारीक सुई टोचून, तिला जोडलेला औषधाचा छोटा पंप ओढणीखाली ठेवून बसायची. साठलेलं लोह बाहेर काढायला तो लागायचा. पंप मधूनच किर्र करायचा. सचिन त्याला "तुझा बेडूक" म्हणायचा आणि ती त्याला पुस्तक फेकून मारायची. वनस्पतींचे धडे सचिनकडे, आकृत्या माझ्याकडे, आणि सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण करणं तिच्याकडे. पाठ करून सांगितलेलं तिला चालायचं नाही. "ये तो तोता भी बोलेगा," म्हणायची, "कशाला होतो ते सांग."

आनुवंशिकतेचा धडा आला तेव्हा मी आणि सचिनने न बोलताच तो मागे टाकला. त्यात तिचा आजार होता. बाजारातल्या एका गाईडमध्ये त्याबद्दल चार ओळी होत्या आणि अशी मुलं फार जगत नाहीत, अशा अर्थाचं वाक्य शेवटी होतं. ते आपल्यासमोर तिने वाचू नये असं आम्हाला वाटत होतं. आम्ही पुढचा धडा उघडला, तशी तिने आमच्याकडे पाहिलं, मागची पानं उलटली आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग पेनने त्यावर आडवी रेघ मारली. "जुना माल आहे. मी बारावीत आली, ह्यांना कोणी कळवलाच नाही." त्यानंतर तो धडा तिनेच आम्हाला शिकवला.

ती कागदावर चौकटी आखत होती. वरच्या बाजूला आईचे दोन जीन्स, कडेला बापाचे दोन, मध्ये चार घरं. तेवढ्यात आंटी चहा घेऊन आल्या आणि वाकून म्हणाल्या, "ये क्या बना रहे हो? लूडो?"

"हां मम्मी, लूडो ही है. बैठो."

आंटी बसल्या. काजलने त्यांना अगदी आम्हाला सांगावं तसं सांगितलं. एक बिघडलेली गोटी तुझ्याकडे होती, एक पप्पांकडे. दोघांकडे एकेक चांगलीही होती, म्हणून तुम्हाला कधी काही झालं नाही, कळलंही नाही. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक गोटी मिळते. कुठली मिळेल, ते कुणाच्या हातात नसतं. माझ्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. आंटींनी कागद जवळ ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "तो वो चाकू?"

मला आणि सचिनला काही कळेना. काजलला मात्र लगेच कळलं. ती पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि आंटींनी त्या वेळात भाजी चिरली होती. तेव्हापासून घरात, मुख्यतः दादी, म्हणजे काजलची आजी, मुलीच्या आजाराचं खापर त्या भाजीवर आणि भाजी चिरणाऱ्या हातांवर फोडत आली होती. सतरा-अठरा वर्षं त्या बाईने ते ऐकून घेतलं होतं, आणि खरंही मानलं होतं.

"चाकू से सिर्फ सब्ज़ी कटी, मम्मी," काजल म्हणाली.

आंटी उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद झाला नाही.  काजलने पुढची चौकट आखायला घेतली. पुढच्या वेळी आम्ही गेलो तर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर दादी बसलेल्या. आंटींनी आमच्यासमोर पापड ठेवला आणि मुलीला म्हणाल्या, "वो लूडो इनको भी सिखा." दादींनी सगळं ऐकून घेतलं.  त्यानंतर ग्रहणाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, असं काजल पुढे सांगायची.

बायोलॉजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी तिचं हिमोग्लोबिन खाली आलं. रक्तपेढीत तिच्या गटाच्या पिशव्या कमी होत्या, बदली रक्तदाता आणल्याशिवाय देत नव्हते. सचिनला नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. तो एसटीला धक्का मारायला उतरल्यासारखा बाह्या सरसावूनच आला. आपलं रक्त थेट तिला जाणार नाही, त्याच्या बदल्यात दुसरी पिशवी मिळेल, हे नर्सने सांगितल्यावर बिचारा हिरमुसला. "म्हणजे माझं कोण तिसराच घेऊन जानार?" काजल पलंगावरून म्हणाली, "जाऊ दे ना. माझ्यात पण सगळे तिसरेच आहेत." थेंब थेंब रक्त चढत होतं आणि आम्ही दोन स्टुलांवर बसून तिच्याशी रिव्हिजन करत होतो. बाजूच्या खाटेवर असंच रक्त चढत असलेल्या एका लहान मुलीची आई आमच्या अभ्यासाकडे टक लावून पाहत होती. शेवटी तिने विचारलं, "ये बारहवीं में है?" काजलने मान हलवली. त्या बाईने आपल्या मुलीच्या केसांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी पेपर झाला. निकालात आमच्या तिघांत बायोलॉजीला ती पहिली होती. पुढे तिने बी.एस्सी. केलं आणि घरीच बारावीच्या बायोलॉजीच्या ट्यूशन घ्यायला लागली. ओळखीत कुणाचं लग्न ठरलं की अभिनंदनाआधी रक्ततपासणीचं बोलायची, त्यामुळे काही घरांत तिला बोलावणंच बंद झालं. माझं ठरलं तेव्हा मी म्हटलं, आमच्यात नसतं गं हे. "जीन्सना तुझी जात माहीत नाही, मंजू," म्हणाली आणि मला आणि होणाऱ्या नवऱ्याला रक्त तपासायला लॅबमध्ये घेऊन गेली. स्वतःच्या लग्नाचा विषय तिने कधी काढला नाही. एकदाच, पंपाची सुई काढताना म्हणाली होती, "कंटाळा येतो यार." मी काही बोलायच्या आत तिने विषय बदलला. मी तिला शेवटची भेटले तेव्हा ती जिन्यात दोनदा थांबली. दम लागला होता, आणि काळजी होती ती मुलांचा एक्स्क्रीशनचा धडा राहिल्याची.

दिवसांचा शेवटचा विधी, पगडी, झाल्यावर काही दिवसांनी आंटींचा फोन आला. "बेटा, बच्चे आ रहे हैं. परीक्षा है उनकी. मैं क्या बोलूँ?" म्हणून गेले काही रविवार मी तिथे जाते. मुलं दप्तरं घेऊन येतात, आंटी पापड भाजतात. मागच्या रविवारी मी रक्ताभिसरण घ्यायला बसले आणि झडपांपाशी गोंधळले. इतक्या वर्षांत विसरायला झालंय. एक मुलगी, सानिका, थोडी चाचरत म्हणाली, "मॅम, दीदी असं नाही शिकवायच्या. त्या आम्हाला चालवायच्या."

"चालवायच्या म्हणजे?"

ती उठली. मग सगळीच उठली. बाहेरची खोली म्हणजे शरीर, तिने सांगितलं, इथे आपण दमलेलं रक्त. पॅसेज म्हणजे उजवं हृदय. तिथून गॅलरीत, ती फुप्फुसं. परत येताना स्वयंपाकघरातून यायचं, ते डावं हृदय, आणि दारातून मागे वळायचं नाही, कारण झडपा वळू देत नाहीत. मुलं रांगेने निघाली. मीही त्यांच्यामागे चालू लागले. पॅसेजमध्ये आंटी उभ्या होत्या. त्या सवयीने बाजूला सरून भिंतीला टेकल्या. इतकी वर्षं त्यांनी घरातून हे असं रक्त वाहताना पाहिलं असणार.

गॅलरीत सानिका थांबली आणि आम्हाला म्हणाली, "इथे सगळ्यांनी मोठा श्वास घ्यायचा. घेतल्याशिवाय पुढे नाही जायचं."

आम्ही सगळ्यांनी घेतला.