सरळ पोहणारा मासा

माझे मामा कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर वेगळे. ते पाटी लावून पुढच्या खोलीत बसायचे आणि लोकांना "आ करा" म्हणायचे. मामा मागच्या खोलीत, खिडकीपाशी. समोर कुणाच्या तरी जबड्याचा प्लास्टरचा साचा, हातात कानस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. छत्तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला दात दिले, पण बाजारात त्यांना कुणी ओळखायचं नाही. तेच लोकांना ओळखायचे, आणि तेही समोरचा हसला तरच. एखादी बाई हसत शेजारून गेली की मामा हळूच सांगायचे, "वरचे सगळे माझे."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. अभिमानाने नाही, आज वारा पडलाय असं सांगावं त्या सुरात ते म्हणायचे, "माझ्या हातचं काही हलत नाही."

मामीची कवळी हलायची.

बारा वर्षं हलत होती. केली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मामीने तक्रार केली. मामांनी बॅटरी लावून तिच्या तोंडात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि निकाल दिला, "कवळी जागेवर आहे. तोंड हललंय." विषय संपला. कवळी मात्र हलत राहिली. जेवताना तिचा टक असा आवाज झाला की मामी मामांकडे बघायची आणि मामा ताटाकडे.

उन्हाळ्यात मामा धक्क्यावर असायचे. आमच्याकडचा धक्का म्हणजे समुद्रात शिरलेली सिमेंटची लांब पट्टी. तिच्या कडेला बोटी बांधायचे चौदा लोखंडी खुंटे. बोटी आता नव्या बंदरात जातात, त्यामुळे खुंट्यांवर गळ टाकणारे बसतात. किनाऱ्याकडचे लोक जिवंत किडे लावतात. टोकाकडचे लोक खोटा मासा लावतात आणि किडेवाल्यांशी जेवढ्यास तेवढं बोलतात. खोटा मासा लांब फेकायचा, रीळ फिरवत ओढून आणायचा, पुन्हा फेकायचा. दिवसभर हेच. मामी म्हणायची, एवढ्या वेळा घरात केर काढला असता तर फरशी झिजली असती.

मामांचे मासे घरचे. कवळ्यांच्या उरलेल्या मालातून केलेले, त्यामुळे पाठ रंगवलेली निळी आणि पोट हिरडीच्या गुलाबी रंगाचं. असा मासा जगातल्या कुठल्याही समुद्रात नाही. तरी मामा सतरा वर्षं टोकाच्या पहिल्या खुंट्यावर होते.

आता हा पहिला खुंटा कसा मिळतो ते सांगायला हवं. धक्क्याचा एक नियम आहे. ज्याचा अख्खा उन्हाळा कोरडा जाईल त्याने पुढच्या वर्षी चौदाव्या खुंट्यावर जायचं, किडेवाल्यांच्या पलीकडे, जिथे पाण्यात चपला तरंगतात. बाकीचे एकेक खुंटा पुढे सरकतात. एक मासा पुरतो, लहान-मोठा चालतो, पण शेजारच्या दोघांनी डोळ्यांनी पाहिलेला हवा. मुदत उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी धक्क्यावरचा दिवा लागेपर्यंत. कुणी काही लिहून ठेवत नाही. लिहिलं असतं तर एखाद्या वेळी हरवलं तरी असतं.

त्या वर्षी मामा निवृत्त झाले. पहिल्यांदाच त्यांच्या हाती सबंध हिवाळा आला आणि त्यांनी तो सगळा माशांना दिला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून अकरा मासे केले. आत शिशाचा तुकडा बसवताना तो सोनाराच्या काट्यावर तोलला. खवले एकेक करून कोरले. बादलीत सोडून पाहिले, मग मामीला बोलावून दाखवले. मामीने विचारलं, बादली कधी रिकामी होईल.

उन्हाळा आला. मामांनी अकराच्या अकरा मासे पाळीपाळीने फेकले आणि अकराच्या अकरा जसेच्या तसे परत आणले. पहिला महिना गेला तेव्हा ते म्हणाले, पाणी गढूळ आहे. दुसऱ्या महिन्यात पाणी फार स्वच्छ होतं. शेजारच्या दुसऱ्या खुंट्यावर सिस्टर होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. वाट पाहण्याचा त्यांना दांडगा सराव. त्या मामांना रोज विचारायच्या, "काय कवळीवाले, आज कसं वाटतंय?" आणि उत्तर ऐकून, वॉर्डात मान हलवत असतील तशी मान हलवायच्या. मामा गेले की पहिला खुंटा त्यांचाच होता. तिसऱ्या खुंट्यावरचा कंडक्टर थेट बोलणारा माणूस. त्याने एकदा चौदाव्या खुंट्याकडे बघून सांगून टाकलं, तिकडे सावली चांगली असते.

मामा घरी येऊन जेवेनासे झाले. म्हणजे जेवायचे, पण दुसरी भाकरी परत ठेवायचे. मामीने मला फोनवर हे एवढंच सांगितलं. मी शनिवारी जाऊन पोचले.

शेवटच्या रविवारी मामी स्वतः धक्क्यावर आली. कित्येक वर्षांत आली नव्हती. घरी बसून निकाल ऐकण्यापेक्षा समोर बघितलेला बरा, असं तिचं म्हणणं. तिने घडीची खुर्ची पहिल्या खुंट्याशेजारी उघडली, थर्मास पायाशी ठेवला आणि सिस्टरांशी गुडघ्यांबद्दल बोलायला लागली. मी दोघींच्या मागे उभी. मामा फेकत होते, ओढत होते. चार वाजले, पाच वाजले. सिस्टरांनी दोन मासे काढले आणि मामांना दिसू नयेत अशा बेताने डब्यात टाकले. ते जास्तच दिसलं.

साडेपाचला मामी वाकून पाण्यात बघायला लागली. खाली तळापर्यंत दिसत होतं. मामांचा मासा लांबून येत होता, दोरीवर चालावं तसा.

"हा असा काय येतोय?" मामी म्हणाली.

"सरळ येतोय. तोल बघ त्याचा."

"तेच बघतेय. नव्या गणवेशात शाळेला निघाल्यासारखा."

कंडक्टर हसला. सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो थांबला.

मामीने आणखी एक फेरी पाहिली. मग म्हणाली, "मागच्या वर्षीचे असे नव्हते."

"मागच्या वर्षी वेळ कुठे होता? डॉक्टर जेवायला गेले की त्या अर्ध्या तासात उरकायचे. एक बाजू घासली तर दुसरी राहायची. सगळे वाकडे."

"आणि हलायचे."

मामांनी रीळ फिरवायचं थांबवलं. मासा पाण्यात लोंबकळत राहिला, अगदी सरळ.

मामी आवाज न चढवता म्हणाली, "हलतं ते जिवंत वाटतं हो. मासा हलायला हवा, तो तुम्ही घट्ट करून ठेवलात. आणि जे घट्ट हवं होतं..." इथे तिची कवळी टक वाजली. तिने ती जिभेने जागेवर नेली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पुढे काही म्हणायची गरजही नव्हती. पहिल्या तिन्ही खुंट्यांना ऐकू गेलं होतं.

त्यांनी मासा वर घेतला, रुमालाने पुसला, उजेडासमोर धरला. खिशातून कानस काढली. ती त्यांच्या खिशात कायम असायची, इतरांच्या खिशात पेन असतं तशी. मग त्यांनी माशाच्या डाव्या बाजूवर कानस टेकवली आणि तशीच ठेवली. मी नाटकात काम करते. थांबून राहणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. पण एवढा वेळ प्रेक्षक देत नाहीत.

मग त्यांनी घासायला सुरुवात केली. दहा-बारा हात मारले. कोरलेले खवले भुकटी होऊन त्यांच्या पँटवर पडले, गुलाबी. मामांनी मासा दोन बोटांत धरून पाहिला. एका अंगाला चक्क कललेला. छत्तीस वर्षांत असं काम त्यांनी मागच्या खोलीतून बाहेर जाऊ दिलं नसतं.

"लाज आणली," ते माशाला म्हणाले आणि फेकला.

पहिल्या फेरीला काही नाही. पण मासा आता लटपटत येत होता, अधूनमधून कूस बदलत. दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या फेरीलाही काही नाही. दिवेवाला सायकल ढकलत धक्क्यावर शिरला. त्याला ठाऊक होतं आज कोण लटकलंय ते, त्यामुळे तो प्रत्येक खुंट्यावर थांबून विचारपूस करत आला. असा मनमिळाऊपणा त्याने वर्षभरात दाखवला नव्हता.

तो तिसऱ्या खुंट्यापर्यंत पोचला तेव्हा मामांचा रॉड वाकला. फार नाही, मान तुकवावी तेवढाच. मामांनी सावकाश ओढून आणलं. गळाला बांगडा होता. खोट्या माशापेक्षा दोन बोटं मोठा. मोठ्या मासळीची वाट बघत आयुष्य काढलेल्या माणसाला तो नुसता दाखवायलाही संकोच वाटावा.

मामांनी दाखवला. कंडक्टर म्हणाला, "पाहिला." आता सिस्टर. त्या चष्मा पुसायला लागल्या. दोन्ही काचा, दोन्ही बाजूंनी. मग चष्मा लावून बांगड्याकडे पाहिलं, पहिल्या खुंट्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "अशक्त आहे, पण आहे."

दिवा लागला.

घरी जाताना मामा पुढे, आम्ही दोघी मागे. घरी आल्यावर मामांनी हात धुतले, टेबलावरचा दिवा लावला आणि मामीपुढे वाटी धरली.

"दे जरा. बघतो."

मामीने कवळी काढून वाटीत ठेवली. मामांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून तिच्या जबड्याचा साचा काढला. बारा वर्षं त्यांनी तो जपून ठेवला होता आणि बारा वर्षं त्याला हात लावला नव्हता. कवळी साच्यावर बसवली, बोटाने एका टोकाला दाबली. दुसरं टोक जागचं हललं नाही. पुन्हा दाबली. पुन्हा हललं नाही.

चष्मा कपाळावर सरकवून मामा म्हणाले, "साच्यातच चूक आहे. लगद्याचं माप मी लवकर काढलं. आणखी दोन मिनिटं तोंडात ठेवायला हवं होतं." त्यांनी साचा उलटा करून पाहिला. "त्या दिवशी धक्क्यावर भरती सव्वाचारला होती."

"माहीत आहे मला," मामी म्हणाली. कवळी नसल्यामुळे शब्द सगळे मऊ येत होते. "घड्याळाकडे बघत होतात ना. तेव्हाच म्हणणार होते, घाई करू नका."

"मग म्हणाली का नाहीस?"

"तोंडात तुमचं माप होतं."