नळी छपराबाहेर : होय

चूलनाना कुणाच्याही घरात शिरले की माणसांशी बोलायच्या आधी राखेत हात घालत. घरातली बाई सुधारित चुलीचं कौतुक करत असायची आणि नाना उकिडवे बसून चुलीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून गप्प. राख कोमट असली तर मला म्हणायचे, "लिहा ताई, चालू." गार असली तर काहीच न बोलता स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर जायचे. तिथे बहुतेक वेळा तीन दगडांची जुनी चूल धगधगत असायची.

आमचं काम तेच होतं. कमी लाकडात स्वयंपाक होतो म्हणून धुळे-जळगावच्या खेड्यांतून ठेकेदारामार्फत पत्र्याच्या धुराड्यांच्या चुली बसवल्या होत्या. त्या नीट बसवल्यात का, वापरतात का आणि लाकूड खरंच वाचतं का, हे घरोघर जाऊन पाहायचं आणि फॉर्म भरायचा. जळगावातल्या एका लहानशा कचेरीसाठी आम्ही दोघं हे करत होतो. मी नुकतीच इंजिनिअर झालेली, नाना धुळ्याचे, शाळेत कार्यानुभव शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं.

चोपड्याकडच्या एका घरात नव्या चुलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. नानांनी हात घातला आणि चोच खाल्ली. घरातली अक्का सहज म्हणाली, "तठे आते कोंबडी बसस. तिले कसाले उठाडू?" नानांनी बोट चोखत मला सांगितलं, "लिहा. चूल वापरात आहे, स्वयंपाकासाठी नाही." मी हसत राहिले, ते हसले नाहीत. फॉर्ममध्ये खरोखर तसं लिहून घेतलं आणि वरिष्ठांची बोलणी मी खाल्ली.

लाकूड मोजायची त्यांची पद्धतही अशीच. कपाशीच्या काड्यांचा एक ढीग ताणकाट्यावर मोजून ठेवायचा, घरच्यांना सांगायचं की तीन दिवस यातलंच जाळा, आणि रोज उरलेलं मोजायचं. एका घरात दुसऱ्या दिवशी ढीग पहिल्यापेक्षा जड भरला. आपली चूल पहिली यावी म्हणून त्या बाईने शेजारचं लाकूड आणून टाकलं होतं. नाना शांतपणे म्हणाले, "अक्का, तुमच्या चुलीला लाकडं फुटतात का?" ती पदरात तोंड लपवून हसली. मग त्यांनी तीन दिवस पुन्हा मोजलं.

पण सगळ्यात त्रासदायक त्यांचं छपरावर चढणं. साठी उलटलेली, गुडघे दुखरे, तरी प्रत्येक घरी शिडी मागायचे. धुराड्याची नळी पत्र्याच्या वर हातभर निघालीय का, हे वर जाऊनच पाहायचे. मला कधी चढू दिलं नाही. कुणी चहा पुढे केला की म्हणायचे, "आधी छप्पर, मग चहा." शिडी नसेल तर ती मिळेपर्यंत उन्हात बसून राहायचे. एकदा मी वैतागून म्हणाले, "नाना, खालून दिसतेय ना नळी वर गेलेली." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाचं तरी मरण बोलून गेले होते.

त्याचा अर्थ मला शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाची यादी आली तेव्हा कळला. यादी वाचून नाना म्हणाले, "हे गाव दुसऱ्या कुणाला द्या." दुसरं कुणी नव्हतं. नरडाण्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसले आणि बोलायला लागले.

मी कामाला लागण्याच्या काही वर्षं आधी ते याच गावात आले होते. शेवटचं घर होतं. शिडी शेतात नेलेली. घरात एक म्हातारी आजी होती, पाय अधू. तिने गुळाचा चहा केला. राख कोमट होती, नळी लाकडी माळ्याच्या भोकातून वर गेलेली दिसत होती. आजी म्हणाली, "वर गई ना भाऊ, आते काय दखतस?" नानांनी चहा प्यायला आणि फॉर्ममधल्या 'नळी छपराबाहेर' या ओळीपुढे 'होय' लिहिलं.

"नळी बाहेर नव्हती, ताई. ठेकेदाराने वरचा तुकडा बसवलाच नव्हता. माळ्यावर येऊन संपली होती. त्या दिवशी माळा रिकामा होता. पुढे सुगी झाली, त्यांनी कडबा रचला."

आग लागली तेव्हा सून पाण्याला गेली होती. आजी उठू शकली नाही. धुळ्याच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी गेली. चौकशीत नानांचा फॉर्म निघाला. नळी बाहेर होती असं तपासनीसाने लिहिलंय, म्हणजे चूल ठीक होती, म्हणजे चूक घरच्यांची. ठेकेदार सुटला. नानांना कुणी एक प्रश्न विचारला नाही.

"विचारलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "आता मी डोळे मिटले की ती आजी मला चहाच देते. कधी ओरडत नाही. चहा देते."

त्या घरी आम्ही गेलो तेव्हा सून अंगणात शेंगा निवडत होती. सुनंदा तिचं नाव, चाळिशीची असेल. भिंत नवी बांधलेली, पण वरचे दोन वासे अजून काळे होते. नाना आत शिरले नाहीत. उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. सुनंदाचे हात शेंगांवर थांबले.

"कडबा मी रचेल व्हता," ती म्हणाली. "चूल बी मीच पेटाडेल व्हती. घरना, गावना, बठ्ठा म्हनतस, सूननीच आग लाई."

"तुमची चूक नव्हती. माझी होती."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "इतला दिन कोठे व्हतात तुम्ही?"

माझी नजर जमिनीवरून वर होईना. सुनंदा उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी दोन पानी जबाब लिहिला आणि पुन्हा त्या गावात गेले. सुनंदाचा नवरा, दीर आणि भाऊबंद यांना देवळाच्या पारावर बसवून तो मोठ्याने वाचून दाखवला. दीर अंगावर धावून आला. नाना जागचे हलले नाहीत. नवरा मात्र खाली मान घालून बसून राहिला. जबाबाची एक प्रत त्यांनी कचेरीत दिली, एक तालुक्याला. कचेरीतले साहेब म्हणाले, "जुनं उकरून कुणाचं भलं होणार, नाना? एक फॉर्म खोटा म्हटलात तर बाकीचे कोण खरे धरणार?" जबाब मागे घ्या म्हणाले. नानांनी घेतला नाही. महिनाअखेरीस त्यांना घरी बसवलं. ठेकेदाराचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी धुळ्याला त्यांना भेटायला जायची. ते बारीक होत चालले होते. मला वाटलं होतं सांगून टाकल्यावर त्यांना हलकं वाटेल. एकदा विचारलंही. म्हणाले, "नाही ताई. आता चहाबरोबर ती सूनही दारात उभी असते." दुसऱ्याच विषयावर बोलावं तसं बोलले आणि मला माझ्या लग्नाचं विचारलं.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. त्यांच्या दशक्रियेला सुनंदा नवऱ्याबरोबर एसटीने आली होती. मागे उभी राहिली. निघताना मी तिला गाठलं. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "माफ नही करं मी तेस्ले. पन आते मन्हा घरमा बठ्ठा मन्हासंगे बोलतस." एवढं बोलून ती नवऱ्याच्या मागे चालायला लागली.

त्यानंतर मी माझे पहिल्या महिन्यातले फॉर्म काढले. नाना तेव्हा आठवडाभर आजारी होते आणि मी एकटीच फिरले होते. तीन घरांपुढे मी खाली उभी राहून 'होय' लिहिलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, नानांनाही नाही. दोन घरी जाऊन आले, नळ्या ठीक होत्या. तिसऱ्या घराला कुलूप होतं, माणसं कामाला सुरतेला गेलेली. शेजाऱ्यांच्या गच्चीवरून पाहिलं. पत्र्याला भोक होतं, नळी नव्हती. मुळात नव्हतीच, की मागाहून कुणी काढून नेली, शेजारीण सांगू शकली नाही. "होळीले येतीन त्या," एवढंच म्हणाली.

त्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता. मी दारावर चिठ्ठी लावली, शेजारणीकडून दोनदा वदवून घेतलं, की चूल पेटवायच्या आधी मला फोन करा.

होळी होऊन आठ दिवस झाले. फोन आलेला नाही. उद्या पहाटेच्या गाडीने मी निघते आहे.