पाठीवरचं काज

खुनी कोण, हे मी शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता सगळ्यांसमोर बोलून बसलो. चूक माझी. एकट्याची.

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, असलं काही मी मानत नाही. चौकात उतरवून टाकलेला नारळ दिसला तर याची चटणी होईल का, असा विचार करणारा मी माणूस. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

सोलापुरात सात रस्त्यापासून पाच मिनिटांवर शाळेच्या गणवेशांचा एक छोटा कारखाना आहे. तिथे मी काज-बटणाच्या मशीनवर बसतो. शर्टाला काजं पाडायची, बटणं लावायची, दिवसभर तेच. हात गुंतलेले, कान रिकामे. म्हणून माझ्या मोबाईलवरून स्पीकरला जुन्या धाटणीची गुप्तहेर नाटकं लावतो. बंगला, पाऊस, खून, आणि सगळं ठाऊक असूनही शेवटपर्यंत तोंड न उघडणारा इन्स्पेक्टर. (माझ्या अगदी उलट.)

आमचा एक नियम आहे. शेवटचा भाग लावण्याआधी प्रत्येकाने कापडाच्या चिंधीवर खडूने खुन्याचं नाव लिहायचं आणि बटणांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. चुकेल त्याने संध्याकाळी कतरण, म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे, झाडायची. कतरण नेहमी मीच झाडतो. एकदा तर ज्याचा खून झाला होता त्याचंच नाव मी लिहिलं होतं.

आणि कधीच न चुकणारे म्हणजे आमचे कटिंग मास्तर, सिद्रामप्पा. दुधनीचे. मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारे, मला 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणारे. काचबिंदूने त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते, खडूची रेघ दिसेना. तो शनिवार त्यांचा कामावरचा शेवटचा दिवस. आठवडाभर एकच म्हणत होते, "कात्री सुटली की तम्मा. आता कानच काय ते राहिलं. हे शेवटचं नाटक बरोबर ओळखून जातो. बास."

शेवटचा भाग मी शुक्रवारीच मोबाईलवर उतरवून ठेवला होता. आणि... घरी ऐकला. एकदा तरी आपली चिंधी बरोबर निघावी, एवढाच चोरटा हेतू. बायको शेजारी शेंगा फोडत होती, तिनेही ऐकला. खुनी निघाला डॉक्टर. ओल्या छत्रीवरून सापडला. बायको म्हणाली, "मला पहिल्यापासून त्याचा संशय होता." तिला सगळ्याच डॉक्टरांचा असतो.

शनिवारी सकाळी मास्तरांनी मोठ्या वाकड्या अक्षरांत चिंधी लिहून डब्यात टाकली. मी गालातल्या गालात हसत खडू उचलला, तेवढ्यात कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवरची नरसक्का म्हणाली, "तू कशाला लिहितोय रे? सरळ झाडूच घे की."

झालं! "आज नाही घेणार! डॉक्टरच आहे तो, ओल्या छत्रीवरून सापडतो!"

सगळी मशीनं थांबली. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"ऐकून आलास व्हय रे?"

मी मान खाली घातली.

"ऱ्हाऊ दे मग. लावू नका आता." आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

नरसक्का माझ्याकडे असं बघत होती की खून माझाच व्हावा. दुपारच्या जेवणात मी मास्तरांना माझ्या डब्यातली शेंगाचटणी देऊ केली. त्यांनी डबा हाताने बाजूला सारला. चार वाजता मालकांनी हार आणला. मास्तरांनी हाराला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "लाव ते नाटक. निदान आवाज तरी कानात घेऊन जातो."

मी लावलं. तोच मोबाईल, तीच फाइल. मी मशीनवर बसलो, कारण मास्तरांचं तोंड बघवत नव्हतं. छत्रीची जागा आली. आता "डॉक्टर, तुमची छत्री ओली का होती?" हे वाक्य येणार म्हणून मी डोळे मिटले.

इन्स्पेक्टर म्हणाला, "छत्री डॉक्टरांची. पण त्या पावसात ती नेली कुणी... आत्याबाई?"

माझा पाय पेडलवर तसाच दाबला गेला. स्पीकरमधून बंगल्यातली म्हातारी आत्या हुंदके देऊन कबुली देत होती. शुक्रवारी ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नव्हती! खाली बघतो तर शर्टाच्या पाठीवर, मधोमध, एक काज पडलं होतं.

नरसक्काने डबा उघडला. मास्तरांची चिंधी — "आत्या".

मास्तर इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "फसवायला बघत होतास व्हय रे मला? डॉक्टर म्हणे!"

"हो मास्तर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? हार घालून, ती चिंधी खिशात ठेवून ते गावच्या गाडीत बसले. कतरण मी झाडली. अर्धी तिथेच राहिली.

घरी येऊन तीच फाइल लावली. डॉक्टर! पुन्हा लावली. डॉक्टर! बायको म्हणाली, "काल ऐकलं की हे. झोपा आता."

सोमवारी कारखान्यात लावली. डॉक्टरच. नरसक्काने अर्ध्यातच आपलं मशीन बंद केलं, दोन्ही हात कानांवर नेले. "आत्या रडली होती रे शनिवारी. मी ऐकलंय. सगळ्यांनी ऐकलंय." फाइल एकच आहे. शनिवारी मोबाईल दिवसभर माझ्या समोर होता. लांबीत सेकंदाचाही फरक नाही. याचा अर्थ मला लागलेला नाही, आणि लागेल असं वाटतही नाही. पाठीवर काज असलेला तो शर्ट मात्र अजून माझ्या मशीनला टांगलेला आहे.

आता एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मी लगेच मास्तरांना दुधनीला फोन लावला. धापा टाकत सगळं सांगितलं. खुनी खरा डॉक्टरच होता, शुक्रवारीही, आजही, फक्त तुम्ही असताना तेवढं नाटक बदललं...

मग मास्तर म्हणाले,

"तम्मा, दिवसभर लोकांच्या शर्टाला काज-बटण करतोस. एक तुझ्या तोंडाला कर की."