शिटी वाजली की बदल नाही

आमचा दादा घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे वेळेच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आम्ही घरच्यांनी मोबाईलवर फँटसी फुटबॉलची लीग काढली, तेव्हा नियम अर्थातच त्याने केले. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंतून अकरा जण निवडायचे. ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. सामन्याची शिटी वाजली की बदल नाही. आणि आदल्या रात्रीपर्यंत ज्याने संघ लावला नाही, त्याचा संघ शिक्षा म्हणून त्याच्या बायकोने लावायचा. "नियम म्हणजे नियम!" दादा गरजला. रोख सरळ मेहुण्यावर होता, कारण तो पक्का विसरभोळा.

मेहुणा विसरलाच. ताईने नुसते चेहरे बघून अकरा जण निवडले आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पहिला नंबर काढला.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळेच नवरे विसरलो. दादासुद्धा! वर तोंड करून म्हणतो कसा, "घड्याळ बंद पडलं होतं."

वहिनीने त्याचा फोन हातात घेतला, खेळाडूंचे फोटो पाहिले आणि परत दिला.

"चेहरा बघून मी एकदाच निवड केली होती," ती म्हणाली. "चूक कळली तेव्हा शिटी वाजून गेली होती."